मोलेच्या जंगलात काही दिसतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं चौघांचं कुटुंब डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्याला जातंय. मुलगी नऊ वर्षांची, आजी सत्तरीला टेकलेल्या आणि गुडघ्यांनी जरा बेजार. उन्हाळ्यात ताडोबा झालं, दोन सफारींत वाघ दिसला, तेव्हापासून मुलीच्या डोक्यात जंगलच आहे. म्हणून या वेळी किनाऱ्याच्या सुट्टीतून एक दिवस काढून मोलेच्या राष्ट्रीय उद्यानात जायचंय. सफारी कुठून बुक करायची, काय दिसेल, आणि 'आत काहीच नाही, दिवस फुकट गेला' असं लोक लिहितात ते खरं का, असं तुम्ही विचारलंय.

मी दोडामार्ग, गोव्यातला सत्तरी तालुका आणि मोले या पट्ट्यात छोटे गट घेऊन फिरतो. कधी पक्षी बघणारे, कधी फुलपाखरांवाले, कधी नुसतेच हौशी. त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लोक लिहितात ते खरं आहे, त्यांना खरंच काही दिसलं नाही. सकाळी नाश्ता करून किनाऱ्यावरून निघायचं, अकराला जीपमध्ये बसायचं, पुढच्या जीपची धूळ खात दूधसागर धबधब्यापर्यंत जाऊन यायचं आणि वाटेत हरणं शोधायची, असा दिवस काढला तर माकडांपलीकडे हाती काही लागत नाही. त्यात जंगलाचा दोष नाही आणि खरं तर लोकांचाही नाही. ताडोब्यात जे शिकलो ते इथे वापरायला जातो, तिथे गाडी अडते. तुमची खरी अडचणही तीच आहे. बुकिंगचं काय ते पुढे सांगतोच, पण ती सगळ्यात सोपी गोष्ट आहे.

ताडोबा हे पानगळीचं जंगल. साग, बांबू, मोह आणि मधूनमधून गवताची मोकळी मैदानं. उन्हाळा लागला की पानं झडतात, नाले आटतात, आणि मे महिन्यात सगळ्यांना मोजक्या पाणवठ्यांवर यावंच लागतं. गवत आहे म्हणून चितळ-सांबर भरपूर, ते भरपूर म्हणून वाघ, आणि झाडी विरळ झालेली म्हणून तो वाघ आपल्याला दिसतो. गाडीने पाणवठा गाठून थांबायचं, ही तिथली रीत तिथे अगदी बरोबर आहे.

मोलेत यातलं काहीच तसं नाही. सह्याद्रीच्या पायथ्यापासून घाटमाथ्यापर्यंत चढत गेलेलं हे जंगल; पाऊस इथे अक्षरशः कोसळतो. डिसेंबरातही ओढे वाहते असतात, त्यामुळे पाण्यासाठी उघड्यावर यायची कुणाला गरज नाही. दाट भागात झाडांचं छत इतकं मिटलेलं की खाली ऊन पोचत नाही. ऊन नाही म्हणून गवत नाही, गवत नाही म्हणून चरणाऱ्यांचे मोठे कळप नाहीत. सदाहरित झाडांची जून पानं चिवट असतात, आणि कीड-जनावरांपासून वाचायला झाडांनी त्यांत नाना तऱ्हेची कडू-तुरट रसायनं भरून ठेवलेली असतात. खाण्याजोगं जे आहे, म्हणजे फळं, फुलं, कोवळा पाला, ते बहुतेक पंचवीस-तीस मीटर वर. मग खाणारेही वरच राहायला गेले. शेकरू वर, वानर वर, धनेश वर. सरडासुद्धा इथे एका खोडावरून दुसऱ्या खोडावर हवेतून तरंगत जातो.

म्हणून इथे जाती पुष्कळ, पण एकेका जातीचे जीव थोडे, आणि तेही पानांच्या आड. जैवविविधता जास्त म्हणजे प्राणी जास्त दिसणार, असा जो आपला सरळ हिशेब असतो तो अशा जंगलात उलटा पडतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं नियोजन आपोआप सुचत जातं.

आता वाघाचं. भगवान महावीर अभयारण्य २४० चौरस किलोमीटरचं, आणि त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ पासून मोले राष्ट्रीय उद्यान आहे. उत्तरेला म्हादई अभयारण्य, दक्षिणेकडे नेत्रावळी आणि खोतीगाव, आणि घाटापलीकडे कर्नाटकात भीमगड आणि काळी व्याघ्र प्रकल्प, म्हणजे आपण ज्याला दांडेली म्हणतो ते. हा सगळा एकच सलग पट्टा आहे आणि वाघ त्यात फिरतो. जानेवारी २०२० मध्ये म्हादईत चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले, तेव्हा 'गोव्यात वाघ नुसता पाहुणा येतो' हे म्हणणं मागे पडलं. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हा भाग व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करायला सांगितलं आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तो वाद इथे नको. तुमच्यापुरतं इतकंच, की वाघ आहे आणि तो तुम्हाला दिसणार नाही. बिबट्याचंही तेच. मुलीला हे घरून निघतानाच सांगा. जंगलाच्या दाराशी सांगितलंत तर दिवसाचा विरस होईल. आधी सांगितलंत तर ती दुसरं काही शोधायला मोकळी होते, आणि नऊ वर्षांची मुलं असल्या शोधात आपल्यापेक्षा तरबेज असतात.

किती दिसेल ते बऱ्याच गोष्टींवर ठरतं, आणि त्यातल्या काही तुमच्या हातात नाहीत. पाऊस किती लांबला, कुठलं वडाचं किंवा उंबराचं झाड नेमकं त्या आठवड्यात फळावर आहे, आदल्या दिवशी त्याच वाटेने गोंगाट करणारा गट गेला का. हातात आहेत त्या दोनच: किती वाजता पोचता आणि किती हळू चालता. माझ्या अनुभवात बाकी सगळ्याची मिळून जेवढी किंमत आहे, तेवढी या दोन गोष्टींची आहे.

पोचण्याच्या वेळेसाठी आदल्या रात्री तिकडेच राहा. मोलेत वनखात्याच्या संस्थेची कुटिरं आहेत, आसपासच्या गावांत घरगुती सोय होते, फोंड्यात साधी हॉटेलं आहेत. कळंगुट-बागेच्या बाजूने पहाटे निघून वेळेवर पोचू असं सगळे म्हणतात. दोन तासांचा रस्ता, वाटेत चहा, मुलीला गाडी लागणार, आणि तुम्ही नऊला पोचणार. नऊ वाजेपर्यंत अर्धा खेळ आटोपलेला असतो.

सकाळसाठी मी तुम्हाला राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य फाटकापेक्षा तांबडी सुर्लला पाठवीन. अभयारण्याच्या कुशीतच आहे, मोलेहून गाडीने साधारण अर्धा तास. तिथे कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं महादेवाचं देऊळ आहे. काळ्या बेसाल्टचं. गोव्याच्या जांभ्याच्या मुलखात हा दगड परका, तो घाटावरून उतरवून आणला असं मानतात. मंडपाच्या छतातलं कोरीव कमळ बघायला मान वर करावीच लागते. पण मी पाठवतोय ते देवळापेक्षा रस्त्यासाठी. शेवटच्या टप्प्यात रस्ता थेट जंगलातून जातो. डांबरी आहे, सपाट आहे, सकाळी वाहनं जवळजवळ नसतात, आणि एका बाजूला ऐन-किंजळाचं पानगळीचं जंगल तर ओढ्याकडे सदाहरित. असं दोन जंगलांचं शिवेवरचं ठिकाण असलं की दोन्हीकडचे रहिवासी एका जागी भेटतात. आणि आजींच्या गुडघ्यांना डांबरी रस्त्यासारखी वाट नाही.

साडेसहा-पावणेसातला तिथे हवं. पहिला तास रस्त्याच्या कडेनेच घालवा, आत शिरू नका. दाट झाडीत त्या वेळी काळोख असतो आणि थंडी असते, पाखरं हालत नाहीत. उलट रस्त्याच्या फटीवर ऊन आधी येतं, आणि शेंड्यावर ऊन पडलं की एकेक जण ऊब घ्यायला बाहेर बसतो. राखी धनेशाचा भसाडा हसल्यासारखा आवाज लवकर सुरू होतो. मलबारी कवड्या धनेश, ज्याला कोकणात ककणेर म्हणतात, जोडीने नाहीतर थव्याने रस्त्यावरून पार होतो. नशीब असेल तर महाधनेश. तो दिसायच्या आधी ऐकू येतो, पंखांचा घोंघाव झाडांच्या वरून येतो आणि आपण मान वर करेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. गोव्याचा राज्यपक्षी, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, झुडपांतल्या बारीक फळांवर येतो. शेकरू तर सहसा हुकत नाही. भीमाशंकरला पाहिला असेल तर ओळख आहेच. नसेल तर आधी घरटं शोधा: झाडाच्या शेंड्याजवळ काटक्या-पानांचा मोठा गोळा. एक शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतो, म्हणून घरटं दिसलं की तो तिथेच असेल असं नाही, पण त्याचा वावर आसपास आहे हे नक्की. सकाळी आणि संध्याकाळी तो फिरतो, दुपारी फांदीवर पसरून झोपतो, आणि झोपलेला शेकरू शोधणं माझ्यासारख्यालाही जड जातं.

आठ-साडेआठनंतर ओढ्याच्या बाजूला, सावलीत या. इथे एक गोष्ट कळली की दिवस सुधारतो. घनदाट जंगलात पक्षी सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. अर्धा तास एक पान हलत नाही, मग एकदम वीस-तीस पाखरांचा मिश्र थवा येतो. पुढे भृंगराज, शेपटीच्या लांब दांड्यांना टोकाशी पिसाचे गोंडे मिरवत. मागे निखार, सुतार, पर्णपक्षी, माशीमार, खोडावरून उलटा उतरणारा शिलींध्री. सगळे एका दिशेने सरकत जातात, एकाने उडवलेला किडा दुसरा पकडतो, आणि भृंगराज पहारा देतो, ससाणा आला की तोच पहिला ओरडतो. हा थवा पाच-दहा मिनिटं तुमच्या डोक्यावर असतो आणि निघून जातो. त्या मोकळ्या अर्ध्या तासात कंटाळून जो गट पुढे चालत सुटला, त्याला जंगल रिकामं वाटतं. जो थांबला त्याला थवा गाठतो. बहुतेक 'काहीच दिसलं नाही'चं मूळ मला इथे सापडतं.

म्हणून आजींसाठी एक घडीचं स्टूल गाडीत टाका. त्यांना ओढ्याकाठी किंवा फळावर आलेल्या झाडाखाली बसवा. तुम्ही चारशे पावलं पुढे जाऊन याल आणि त्या म्हणतील, तुम्ही गेल्यावर इथे केवढी गंमत झाली. हे मी गमतीने सांगत नाही. फळावर आलेलं वडाचं किंवा नांदरुकाचं झाड मिळालं तर मी गटाला तिथून दोन तास हलू देत नाही. धनेश, हरियाल, कुर्टूक, शेकरू, वानर, सगळे पाळी लावल्यासारखे तिथे येऊन जातात. असं झाड कुठे आहे हे गावातल्या माणसाला माहीत असतं, वाटाड्याला पहिला प्रश्न तोच विचारा.

मुलीसाठी डोळ्यांच्या उंचीवरचं जग पुरेसं आहे. पावसाळा संपल्यावर रस्त्याच्या कडेने मोठमोठी जाळी दिसतात, सोनेरी झाक असलेल्या धाग्यांची, आणि मधोमध हाताच्या पंजाएवढा कोळी. ती मादी. नर त्याच जाळ्याच्या कोपऱ्यात कुठेतरी असतो, नखाएवढा, पटकन दिसत नाही. त्याला शोधायला सांगा, अर्धा तास आवाज नाही. ओंबिलांनी, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांनी, पानं शिवून केलेलं घर दाखवा, लांबूनच, त्या चावतात. नऊ-दहाच्या सुमारास ऊन पडलेली उभी खोडं नीट न्याहाळायला लावा, उडता सरडा अशा वेळी बाहेर येतो. सालीच्याच रंगाचा असल्याने आधी काहीच दिसत नाही, मग नर गळ्याखालची पिवळी झालर बाहेर काढून आत ओढतो आणि तो पिवळा ठिपका डोळ्यांत भरतो. ओढ्याच्या ओल्या वाळूवर फुलपाखरं क्षार शोषायला जमतात. नीलवंत ओळखा, तो महाराष्ट्राचा राज्य फुलपाखरू आहे. सह्याद्री बर्डविंग काळा-पिवळा आणि एवढा मोठा की मुलं त्याला पक्षीच समजतात. सावलीत एखादं पांढरं-काळं फुलपाखरू कागदाच्या कपट्यासारखं तरंगताना दिसलं, पंख हलवायचाही कंटाळा असल्यासारखं, तर ते मलबारी ट्री निम्फ. पश्चिम घाटाबाहेर ते कुठे मिळत नाही.

याच उंचीवर चापडा हा विषारी सापही असतो. मलबारी चापडा हिरवा, पिवळसर, तपकिरी अशा किती तरी रंगांत मिळतो आणि दिवसा झुडपाच्या फांदीवर तासन्‌तास निश्चल पडून राहतो. तो आपणहून अंगावर येत नाही, लोकच आधारासाठी न बघता फांदी धरतात. मुलीला एकच नियम द्या: बघायचं डोळ्यांनी, हात खिशात. पायात बंद बूट.

डोळ्यांना मदत म्हणून कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण घ्या, किंवा कुणाची मागून आणा. ८×४२ नावाची मिळते ती. जास्त मोठं करून दाखवणारी घेतली तर झाडीतल्या कमी उजेडात चित्र काळवंडतं आणि हात हलतो. मुलीच्या हाताला ८×३२ हलकी पडते. फोनने इथे फोटो येत नाहीत, येतात ती हिरवी पार्श्वभूमी आणि एक काळा ठिपका.

पक्ष्यांचे आवाज फोनवर वाजवून त्यांना बाहेर काढणारे वाटाडे भेटतील. मी ते करत नाही आणि तुम्हीही करू देऊ नका. आवाज ऐकून पक्ष्याला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा शिरलाय. खाणं सोडून तो भांडायला येतो, आणि पर्यटकांच्या हंगामात हे दिवसातून किती वेळा होत असेल विचार करा. बेडूकमुख्या पक्ष्याची गोष्ट त्याहून नाजूक. तो निशाचर आहे, दिवसा वाळक्या पानांत बेमालूम मिसळून फांदीवर झोपतो, बहुतेकदा नर-मादी खेटून. त्याची जागा वाटाड्यांना माहीत असते आणि बघण्यासारखा पक्षी आहे यात शंका नाही. पण लांब उभं राहून, दुर्बिणीतून, दोन मिनिटं. समोरची फांदी वाकवून फोटो काढायचा प्रस्ताव आला तर सरळ नाही म्हणा. रोज उठवला गेला की तो ती जागा सोडून जातो.

साडेअकरानंतर जंगल गप्प होतं. जेवा, झोपा. आजींना देऊळ तेव्हा दाखवा, दगडाच्या सावलीत बरं वाटतं.

दूधसागर याच दिवसात कोंबता येईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. कुळ्याहून जीप जातात, पावसाळ्यात बंद असतात आणि साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतात. वाट अभयारण्यातूनच जाते, ओढे पार करत, हाडं खिळखिळी करत. उतरल्यावर खडकांतून पुढे चालायचं असतं आणि ते गुडघे दुखणाऱ्या माणसाचं काम नाही. धबधबा भव्य आहे, ३१० मीटरचा, डिसेंबरात पाणी बऱ्यापैकी असतं. पण नाताळच्या आठवड्यात तिथे जत्रा असते. वन्यजीव बघायला म्हणून तिथे जाऊ नका, धबधबा बघायचा असेल तर वेगळा दिवस काढून, सकाळच्या पहिल्या जीपने, आजींना मुक्कामी ठेवून जा. माकडांना काही देऊ नका, हातातली पिशवीही दिसू देऊ नका. आणि रुळांवरून चालत जायचे जे व्हिडिओ फिरतात त्यांच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहे, दंड होतो, आणि बोगद्यात गाडी आली तर पळायला जागा नसते.

संध्याकाळी चारनंतर पुन्हा रस्त्याला लागा, या वेळी गाडीतूनच. गवा बघायची हीच वेळ. दाट झाडीत गवत नाही हे वर सांगितलंच, म्हणून गवे कडेला, काजूच्या बागांत, पडीक शेतांत चरायला उतरतात. गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि मोलेत दिसू शकणाऱ्या सस्तन प्राण्यांत सगळ्यात मोठा. मोठा नर जवळजवळ टनाचा असतो, पाय गुडघ्यांपर्यंत पांढरे. दिसला तर गाडीचं इंजिन बंद करून आतच बसा. कळप असेल तर तो आपणहून आत जातो. एकटा नर असेल आणि मान वळवून, अंगाची पूर्ण रुंदी दाखवत आडवा उभा राहिला, तर ते सांगणं असतं. गाडी हळू मागे घ्या. सेल्फीसाठी दार उघडणारे मी पाहिलेत, त्यांचं पुढे काही वाईट झालं नाही हा गव्याचा मोठेपणा. अंधार पडल्यावर अनमोड घाटाच्या महामार्गाने जाणार असाल तर वेग कमी ठेवा. हा रस्ता अभयारण्यातून जातो. रात्री साप, उदमांजरं, साळिंदरं तो ओलांडतात आणि सकाळी कडेला मेलेली दिसतात.

आता एक विषय मी प्रत्येक गटाला न चुकता सांगतो, कारण पर्यटकांना तो कुणी सांगत नाही: माकडताप. १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५-१६ पासून सत्तरीत आणि आमच्या दोडामार्गातही रुग्ण सापडू लागले. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि त्याचा मोसम नेमका पर्यटनाच्या मोसमाशी जुळतो, कारण पाऊस गेला की बारीक गोचिडी वाळक्या पाल्यात वाढतात. जिवावर बेतू शकतो. डांबरी रस्त्यावर अर्धा दिवस काढणाऱ्याला धोका कमी आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण पाचोळ्यात बसू नका, स्टूल त्यासाठीही आहे. फुलपँट, ती मोज्यांत खोचलेली, फिकट रंगाची, म्हणजे गोचीड चढताना दिसते. जंगलातून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे वेगळे, मुलीच्या कानामागे आणि केसांत बघून घ्या. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याच्या माणसाला सांगा. आणि पुण्याला परतल्यावर आठ-दहा दिवसांत कुणाला जोराचा ताप आला तर डॉक्टरांना 'आम्ही सत्तरी-मोलेच्या जंगलात गेलो होतो' हे वाक्य आधी सांगा. पुण्यातल्या डॉक्टरांच्या मनात डेंग्यू आधी येणार, त्यात त्यांची चूक नाही.

राहिलं बुकिंग. मोलेत वनखात्याचं कार्यालय आणि निसर्ग माहिती केंद्र आहे, प्रवेशाची आणि कॅमेऱ्याची पावती तिथे होते. राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या वाटांवर परवानगीशिवाय पायी शिरता येत नाही, आणि कुठली वाट चालू, कुठली बंद हे बदलत असतं, म्हणून आदल्या दिवशी तिथे जाऊनच विचारा. तुमच्या कार्यक्रमात जीप सफारीची गरज मला दिसत नाही. तो पैसा एका चांगल्या स्थानिक वाटाड्यावर घाला, शक्यतो त्याच भागातल्या गावचा. निवडताना त्याला दोन गोष्टी विचारा. सकाळी किती अंतर चालवणार? जो पाच-सहा किलोमीटर म्हणेल तो तुमच्या कामाचा नाही, एक-दीड म्हणणारा घ्या. आणि काय दाखवणार? वाघ-बिबट्याचं नाव काढेल त्याला नमस्कार करा.

तारखा थोड्या हलवता आल्या तर बघा. २४ डिसेंबर ते १ जानेवारी गोव्यात खोल्यांचे दर चढलेले असतात आणि रस्ते भरलेले. जानेवारीचा दुसरा आठवडा, मधला वार, याला तोड नाही. फेब्रुवारीत शाळेची सुट्टी मिळणार असेल तर आणखी चांगलं. पानगळीच्या झाडांची पानं झडतात, पांगारा फुलतो, आणि जे पक्षी डिसेंबरात आवाजावरून ओळखावे लागतात ते उघड्या फांदीवर बसलेले दिसतात. मुलीला मोठे प्राणीच हवे असतील आणि ती मोलेवर रुसली, तर पुढच्या वर्षी नागरहोळे करा. तिथलं जंगलही मिश्र आहे, पण कबिनी जलाशयाच्या काठाला उन्हाळ्यात गवत उगवतं आणि हत्ती-गव्यांचे कळप तिथे उघड्यावर चरतात.

तांबडी सुर्लला जाताना पाण्याच्या बाटल्या आणि खायचं मोलेतूनच भरून घ्या. देवळापाशी किरकोळ दुकानं लागतात, पण सकाळी साडेसहाला ती उघडी नसतात, आणि फोनची रेंज वाटेतच जाते. वाटाड्याला भेटायची जागा आणि वेळ आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.